धुळ्याचे मासे जगले, आमचे मेले

तीर्थरूप सुपडूनानांस,

योगेंद्रचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि नानीचा खोकला आता कसा आहे? माझं म्हणाल, तर भूक गेली, झोप गेली, नोकरी तेवढी जाता जाता राहिली. (फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि अख्खं गाव ऐकतं.)

कारखान्याच्या सांडपाण्यात मासे सोडायचे आणि जगतात की मरतात ते बघायचं, हे जळगावच्या प्रयोगशाळेतलं माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. (नानी म्हणते, पोरगा शिकून कोळी झाला.) मागे एका नाल्याचं पाणी निम्मं आमच्याकडे, निम्मं धुळ्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, दोघांचं उत्तर जुळतं का ते बघायला. बाटलीवर नुसता क्रमांक, नाल्याचं नाव नाही, म्हणजे कुणाची भीड पडायला नको. सकाळी आमचा शिपाई निंबा ओरडत आला, "साहेब, बठ्ठा मासा मरी ग्यात!" धुळ्याहून मात्र निरोप, की सगळे मासे मजेत.

आमच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच एकेका माशाचा गळा दाबला. तुलनेला साध्या पाण्यात ठेवलेले आमचे मासे ठणठणीत होते, हे मी सांगत राहिलो, ऐकतो कोण? शेवटी एसटीने धुळं गाठलं. वाटभर देवाला एकच विनवणी, चूक माझी नसू दे.

तिथल्या चारुलता मॅडम म्हणाल्या, "आम्हाला सुट्टी आली. बाटली उघडी राहिली, नंतर पाण्यात हवाही जोरात सोडली."

"पाण्याला वास होता का?"

"आधी होता. नंतर गेला."

बोलता बोलता बाईंचा चेहरा उतरला. वासाबरोबर विषही उडून गेलं होतं. आम्ही पाणी आणलं त्याच दिवशी तपासलं होतं. त्यांनी ताजं पाणी मागवलं, आमच्यासारखंच तपासलं. त्यांचेही मासे मेले.

साहेबांनी आज मला पेढा भरवला. तो तोंडात असतानाच नाल्याचं नाव कळलं. नाना, पेढा अजून घशात आहे. देवाने माझं ऐकायला नको होतं.

तुमचा पुतण्या,
योगेंद्र

ता. क. : नाला तुमच्या विहिरीमागचा आहे.

आणखी ता. क. : पत्र आणणाऱ्या भटूकडे पाण्याचे जार दिलेत. तुम्ही, नानी आणि ढोरं, सगळ्यांनी तेच प्यावं. विहिरीचं पाणी तपासायला न्यायला उद्या मी येतोच. नानीला सांगा, राग मानू नको, पण माझ्यासाठी चहा ठेवू नको.