काळुरामचे दोन फोटो

ठाणे,
ता. ४ डिसेंबर १९८७

चि. चांगदेव यास मधुदादाचे अ. उ. आ.

हे पत्र लिहिण्याआधी तीन कागद फाडले. त्यामानाने हा बराच गोड आहे असं समज. शीला विचारते, दिल्लीच्या थंडीत तिने विणलेला स्वेटर घालतोस की नाही. विचारून झालं, आता माझं ऐक.

तुझा लंकेतल्या जाफन्याचा फोटो त्या इंग्रजी साप्ताहिकात आला तेव्हा मीच तो अंक आळीभर फिरवला होता. भिंतीला टेकून पडलेला जवान, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या धाकट्या भावाने काढलाय म्हणून सांगत सुटलो. गेल्या आठवड्यात कोलशेतच्या आवडाबाई तोच अंक पदराखाली धरून स्टुडिओत आल्या. त्या खाडीतली कोळंबी घेऊन बाजारात बसतात, शीला त्यांच्याकडूनच घेते. अंकावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं की हा आपला पोर काळुराम.

त्यांच्या घरी तार आली होती, मग कलश आला. दहन तिकडेच उरकलं, चेहरा कोणालाच दिसला नाही. वर्दीतला एकच फोटो त्याने पाठवला होता, तोही उधाणाला खाडी घरात शिरली तेव्हा गेला. म्हणून बाईंनी तुझा फोटो आणला. त्यांचं म्हणणं, याचे डोळे उघडा, तोंड मिटा, डोक्यावर टोपी घाला, भिंतीला लावायचाय. असली कामं मी पुष्कळ केलीत आणि तुलाही शिकवलीत. हा फोटो कोणी काढलाय ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. चार दिवस ब्रश आणि पेन्सिल घेऊन बसलो. डोळे उघडले. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि हा माझा नाही म्हणाल्या.

चांगदेव, माझं डोकं फिरलंय. गेल्या महिन्यात एका हिरोचे एकशे आठ फोटो काढले. रिवाजाप्रमाणे छोट्या छाप्यांचे कागद त्याच्यापुढे ठेवले आणि त्याने लाल पेन्सिलीने नव्वदांवर काट मारली. एकात हनुवटी दुहेरी, एकात टक्कल डोकावतंय. ते नव्वद आता कोणीही कधी बघणार नाही. ज्याला लाखो लोक रोज बघतात त्याला नको म्हणायची सोय आहे, आणि काळुरामला नाही? माणूस गेला की त्याचं तोंड मिटायला आपल्यात परकासुद्धा पुढे होतो. तू ते उघडं ठेवून छापलंस.

फेब्रुवारीत मुंबईच्या प्रदर्शनात हाच फोटो चार फुटी करून दारात लावणार असं तू मोठ्या तोऱ्यात कळवलंस. तो काढून घे. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारं आपल्या घरात आजवर कोणी नव्हतं. आणि त्या मुलाचा जिवंतपणीचा एखादा फोटो तुझ्या फिल्मवर असेल तर लगोलग पाठव. बाई रोज येऊन विचारतात.

पत्राची वाट पाहतो. राग असला तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझा,
मधुदादा


दिल्ली,
ता. १५ डिसेंबर १९८७

ती. स्व. मधुदादास चांगदेवचा सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, स्वेटर घालतो. तुझं पत्र आल्यापासून मात्र गरज भासत नाही, अंग आपोआप तापलंय.

दादा, तू मला कोणत्या तोंडाने शिकवतोस? नट्यांच्या गालावरचे मुरूम खरवडण्यात तुझी वीस वर्षं गेली. पन्नाशीच्या हिरोला तू पंचविशीचा करतोस आणि पोरं तो फोटो उशाशी घेऊन झोपतात. त्याला तू रिवाज म्हणतोस. मी त्याला थाप म्हणतो. तुला लाल पेन्सिलीचा एवढा पुळका आहे, पण तीच पेन्सिल इथे मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेल्यांच्या हातात आहे. त्यांचं म्हणणं, आपले जवान तिकडे शांतता राखायला गेलेत. शांततेत कोणाचं तोंड असं उघडं पडत नाही. घरोघरच्या आयांना विचारत बसलो तर लढाईचा एकही फोटो छापून येणार नाही, आणि लढाया लावून देणाऱ्यांना तेच हवंय.

तू माणसांना देखणं करतोस, ते तुझं पोट आहे. मी आहे ते दाखवतो आणि त्यासाठी जीव मुठीत घेऊन तिथे जातो. फोटो प्रदर्शनातून काढणार नाही. दारातच लागेल.

दुसरा फोटो नाही. मी पोचलो तेव्हा तो पडलेलाच होता. तुझ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग. वाईट वाटतंच, पण मी काय करणार?

वहिनीस नमस्कार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाल.

तुझा,
चांगदेव


ठाणे,
ता. २८ डिसेंबर १९८७

चि. चांगदेव यास अ. आ.

सरकारी लाल पेन्सिलीबद्दल तू लिहिलंस, ते मान्य. मुरमांबद्दल लिहिलंस तेही खरं आहे. पण तू खोटं बोलतोस, आणि कोणाशी बोलतोस? ज्याने तुझ्या हातात पहिला कॅमेरा दिला त्याच्याशी.

चार दिवस मी त्या पोराच्या चेहऱ्यात नाक खुपसून बसलो होतो. लोक त्याचं उघडं तोंड बघतात. मी बाकीचं बघितलं. हेल्मेट शेजारच्या खिडकीत नीट उभं ठेवलंय. पडताना सुटलेलं हेल्मेट असं बसत नाही. केसांवरून नुकताच ओला हात फिरवलाय. आणि गळ्याचं बटण लावलंय. गोळ्या चुकवत लढणारा माणूस गळ्याचं बटण लावतो होय रे? स्टुडिओत लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायला पोरगा येतो, तो लावतो. स्टुलावर बसायच्या आधी, आरशात बघून.

हा मुलगा फोटोला उभा होता. तुझ्यासमोर उभा होता. काय झालं ते लिही. नाही लिहिलंस तर मी दिल्लीला येईन, आणि मला प्रवास सोसत नाही हे तुला माहीत आहे.

शीलाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने तुझ्यासाठी तिळाचे लाडू करायला घेतलेत.

वाट बघणारा,
मधुदादा


दिल्ली,
ता. ११ जानेवारी १९८८

ती. स्व. दादास सा. न.

सोबत एक फोटो आहे. आधी तो बघ, मग पुढे वाच.

एका पडक्या घरात आम्ही दोघं अडकलो होतो. त्याने मला गाव विचारलं. मी ठाणे म्हटल्यावर पोरगा हरखला, म्हणाला आपण कोलशेतचे. तुझा स्टुडिओ त्याला माहीत होता. काचेतले हिरोंचे फोटो बघत उभा राहायचा म्हणे. मी तुझा भाऊ हे कळल्यावर हट्टच धरला की तसाच एक काढा, आईला पाठवतो. बऱ्याच वेळात बाहेर गोळी वाजली नव्हती. आत अंधार होता. मीच त्याला म्हटलं, हेल्मेट काढ, खिडकीपाशी ये, चेहरा उजेडाकडे कर. तू शिकवलेलंच. एक काढला, त्यात तो हसतोय. मग मी त्याला बटण लावायला सांगितलं आणि अजून थोडा पुढे ये म्हटलं. तो आला.

त्यानंतरचा सगळ्यांनी पाहिलाय. दादा, मी ओरडलोसुद्धा नाही. तो खाली गेला आणि माझ्या अंगठ्याने फिल्म पुढे सरकवली. हाताची सवय. नाव ठाऊक असूनही फोटोखाली नुसतं ‘एक जवान’ असं लिहून दिलं. त्याच्या घरच्यांनी मला शोधत येऊ नये म्हणून.

तुला मुरमांवरून बोललो ते विसर. माझा मलाच राग आला होता, तो तुझ्यावर निघाला. प्रदर्शनवाल्यांना फोटो काढून घ्या म्हणून कळवलंय. बाईंना काय सांगायचं ते तूच ठरव. माझ्यात तेवढं बळ नाही.

तुझ्या पायाशी जागा ठेव, एवढंच मागणं.

चांगदेव


ठाणे,
ता. २४ जानेवारी १९८८

चि. चांगदेव यास आशीर्वाद.

मी काहीही ठरवलं नाही. आवडाबाईंना फोटो दिला आणि तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या दोन दिवस आल्या नाहीत. आज आल्या आणि लिहून घ्या म्हणाल्या. पुढचं सगळं त्यांचं आहे, माझा फक्त हात.

चांगदेव, मी आवडाबाय, काळुरामची आय. हसतो तो फोटो बगितला. हा माजा हाय. ल्हानपनापासून त्याला कोनी मायेनं सांगितलं का तो आयकायचा. तू उबा ऱ्हा बोललास, ऱ्हायला. गोळी तू नाय मारलीस, येवढं मना समजतं. पन तीन म्हयने मी येनाऱ्या जानाऱ्याला विचारते, शेवटाला त्याच्याजवळ कोन व्हता, तो काय बोलला. कोनी सांगना. नि तुला सगलं म्हाईत. नाव म्हाईत, गाव म्हाईत, माज्यासाठी फोटो काढतोय ते पन म्हाईत. दोन ओळींची चिठी नाय धाडलीस. त्याचा राग हाय मना. तो मरेपरयंत ऱ्हानार.

मधुभाऊ सांगतात, तू फोटो काढून घेतलास. कोनाला विचारून? माजा पोर काय तुजी लाज झाकायला हाय? ते काय नाय. दोनी लाव. हसतो तो नि पडलाय तो, बाजूबाजूला. खाली लिव, काळुराम दामाजी कोळी, ऱ्हानार कोलशेत. त्याच्या खाली लिव का फोटोसाठी याला उजेडात मीच उबा केला.

मी येनार हाय बगायला. मना वाचता येत नाय. तू तिथं उबा ऱ्हायचा नि जमलेल्या सगल्यांसमोर मना मोठ्यानं वाचून दाखवायचा.

आवडाबाई दामाजी कोळी
यांच्या डाव्या हाताचा अंगठा