बसू दे की बिचारीला

दि. ९ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुला आम्हा दोघींचे आशीर्वाद. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. मागच्या दाराची कडी तू बसवलीस तशी वाकडीच आहे. रोज तुझ्या नावाने खडे फोडत मी ती लावते.

विहिरीचं सांगायचं टाळत होते. तुमच्या कंपनीने खाणीआधी चाचणीची भोकं पाडली, तेव्हापासून पाणी खाली खाली गेलं. आता तळ दिसतो. आई तरी रोज पोहरा सोडते, रिकामा वर आला की म्हणते, "उद्या बघू."

फोनवर तू अजून गावातल्या खाणीच्या सुनावणीचा तो किस्सा सांगून हसतोस. तू व्यासपीठावरून म्हणालास, "खालचा कोळसा काढला की वरची जमीन थोडी बसेल." लोक खवळले. विहिरींचं काय, ओढ्याचं काय, म्हणत तुझ्या अंगावर आले. तेवढ्यात आई उठली, "बसू दे की बिचारीला! उभी राहून दमली असेल." सगळा मांडव हसला. चहा आला, आणि पाण्याचा प्रश्न तिथेच राहिला.

तू म्हणतोस, "आईला काही म्हणजे काही कळत नाही."

ठोंब्या, तिला कळत होतं. आदल्या दिवशी भांडी घासताना तिने मला विचारलं होतं, "जमीन बसते म्हणजे काय गं?" मी सांगितलं, खाली पोकळ झालं की वरची जमीन खचते, भिंतींना तडे जातात, विहिरी आटतात. मग ती कितीतरी वेळ एकच पातेलं घासत राहिली.

त्या दिवशी तिला तुझा घामेजलेला चेहरा दिसला. तुला कुणी शिव्या देऊ नयेत म्हणून तिने स्वतःचं हसं करून घेतलं. हे तुला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. आता शेजारीण पाण्यासाठी ओढ्यापर्यंत जाते आणि आमच्या दारावरून जाताना मान फिरवते. मला तुझा राग येत नाही रे, नुसतं रडू येतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा सुनावणी आहे. या वेळी आई खरं बोलणार आहे. स्वयंपाकघरात सराव करते, "आमची हरकत आहे," आणि मध्येच सोडून पातेलं घासायला घेते. तुला बघायला जीव तुटतो तिचा, तरी तिनेच लिहायला सांगितलंय की त्या दिवशी येऊ नकोस.

"तो समोर असला तर मला पुन्हा विनोदच सुचेल," म्हणते.

वेळेवर जेवत जा. हेही तिनेच सांगितलंय.

तुझी,
ताई