साडूवर दात

२६ डिसेंबर, सकाळी ९. हॉटेल, विमानतळाजवळ.

ही वही गुप्त. कपड्यांच्या बॅगेत नाही, औषधांच्या पिशवीत ठेवणार. तिथे कोणी बघत नाही.

सहलीचे हेतू दोन. एक, कुटुंबाला परदेशातला बर्फ दाखवणे. दोन, साडूचा सूड घेणे. खरा क्रम उलटा आहे.

दोन वर्षांपूर्वी मेहुणीच्या नव्या घरी जेवायला गेलो होतो. बावीस माणसं. गाडी मागे घेताना त्यांच्या फाटकाचा खांब मधे आला. (खांब चुकीच्या जागी आहे. अजूनही आहे.) साडू हातात ताट घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मास्तर शिकवतात उत्तम, फक्त चालवायला दुसरं कोणीतरी लागतं. बावीसच्या बावीस हसले. आमची ही सगळ्यात आधी हसली.

मी सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. आमच्या गावात निम्मी जनता माझ्या हाताखालून गेली आहे. साडू डेंटिस्ट. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत आलाय, रस्त्याकडे कधी बघितलेलं नाही. तेव्हापासून माझा त्याच्यावर दात आहे.

सहलीची कल्पना माझी. दोघांना आग्रहाने मीच बोलावलं. ही म्हणाली, बरं झालं बाई, जुळलं एकदाचं तुमचं. मी गूढ हसलो. हिने विचारलं, पोट बिघडलंय का?

बेत: गाडी पूर्णवेळ मी चालवायची. ३० तारखेला सर्वांत उंच घाट. माथ्यावर गाडी थांबवून साडूकडे वळायचं आणि शांतपणे एकच वाक्य बोलायचं. वाक्य तयार आहे: "डॉक्टर, दुसऱ्यांचे दात काढणं हा तुमचा धंदा झाला, पण दुसऱ्यांना बघून दात काढणं शोभत नाही." अकरावा खर्डा आहे. यापुढे सुधारणा शक्य नाही.

२७ डिसेंबर, दुपारी २. पेट्रोल पंप.

गाडी ताब्यात. फॉर्मवर दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव हवं म्हणाले. कन्येकडे परदेशात चालवायचं परमिट आहे, तिचं घातलं. असू दे, पोरीची हौस. शिवाय माझीच विद्यार्थिनी. कॉलेजात असताना सहा दिवस शिकवलं होतं, लायसन्स पहिल्या फटक्यात आलं.

इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. सगळे घाबरले होते. मी नाही. सव्वीस वर्षं मी गाडीत डावीकडेच, शिकवणाऱ्याच्या जागी बसतोय. या देशाने स्टिअरिंग स्वतःहून माझ्या जागेवर आणून दिलंय.

पार्किंगमधून निघताना बसलो, पट्टा लावला, म्हणालो, "हं, आता सावकाश क्लच सोडा." गाडी हलेना. बराच वेळ गेला. कन्या म्हणाली, बाबा, चालवणारे तुम्हीच आहात.

क्लच नाहीच. ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काम नाही. त्याने आपणहून काम शोधलं आणि चौकात करकचून ब्रेक मारला. मेहुणीची कॉफी उडाली ती थेट साडूच्या पँटवर. ठरवलेलं नव्हतं, पण शुभारंभ म्हणून वाईट नाही.

तो म्हणाला, गरम वाटलं जरा, बरंच झालं. नाटकी माणूस.

२८ डिसेंबर, सकाळी ८. लाकडी बंगली, तळ्याकाठी.

काल एका मोठ्या गोल चौकात पाच फेऱ्या झाल्या. बाहेर पडायचे रस्ते सहा, पाट्यांवरची भाषा अगम्य. मी सांगितलं, तळं सगळ्या बाजूंनी बघून घ्या. सगळ्यांनी बघितलं. तिसऱ्या फेरीनंतर ही म्हणाली, बघून झालं हो.

साडू आता माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. मीच बसवलाय. सूड घ्यायचा तर माणूस हाताशी हवा. तो दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसतो आणि दर दहा मिनिटांनी "छान" म्हणतो. हँडल धरून छान म्हणणं म्हणजे काय हे मला कळतं.

आज पहाटे नवा डाव. बंगलीत गरम पाणी एका टाकीपुरतंच येतं. सगळ्यांत आधी उठून पाऊण तास आंघोळ केली. साडूला बर्फासारखं पाणी मिळणार होतं. पण माझ्यानंतर ही गेली.

सकाळपासून ही बोलत नाही.

२९ डिसेंबर, संध्याकाळी ५. घाटाच्या पायथ्याचं गाव.

दोन्ही बाजूंना डोंगर, पांढरेशुभ्र. झाडांवर बर्फ. ही बोलायला लागली, फक्त डोंगरांविषयी.

पेट्रोल पंपावरची बाई आमची चाकं बघून बाहेर आली. हातवारे करून सांगितलं, उद्या वर जाणार असाल तर चाकांना साखळ्या लावा. साखळ्या गाडीतच होत्या. तिने गुडघ्यावर बसून एका चाकाला लावून दाखवल्या. कन्या तिच्या शेजारी बसून बघत होती. मी दुरून बघितलं. साखळ्या ज्यांच्या पायात कंट्रोल नाही त्यांच्यासाठी असतात. तसं सगळ्यांना सांगितलं आणि साखळ्या काढून सामानाच्या तळाशी टाकल्या.

कन्या म्हणाली, बाबा, लावू या ना. मी म्हणालो, तुला गाडी कोणी शिकवली? तिने मावशीकडे बघितलं.

साडूला विचारलं. तो म्हणाला, मास्तर म्हणतील तसं.

हे मला आवडलेलं नाही. हा माणूस आजवर कधी "म्हणाल तसं" म्हणालेला नाही. मी घसरावं म्हणून टपून बसलाय. बसू दे. उद्या बारा वाजेपर्यंत माथ्यावर. वाक्य आरशासमोर चार वेळा म्हटलं. "शोभत नाही"वर किंचित थांबायचं.

३० डिसेंबर, दुपारी ४. खानावळ, घाटात.

अक्षर वाईट येतंय.

माथा दोन वळणं राहिला होता. वळणावर रस्ता चकाकत होता. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडीने ऐकलं नाही. मागचा भाग पुढे यायला लागला. अशा वेळी मी सव्वीस वर्षं जे करत आलो तेच केलं. स्वच्छ, मोठ्या आवाजात शेजारच्याला सांगितलं, "ब्रेक दाबा!"

शेजारी साडू. त्याने दोन्ही पाय जीव खाऊन दाबले. तिथे ब्रेक नव्हता. त्याचे बूट गाडीच्या तळावर आपटले तेवढंच.

गाडी पूर्ण फिरली आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. माझं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. पुढचा दात अर्धा गेला. बाकी कोणाला खरचटलंही नाही.

ढिगापलीकडे काय होतं ते मी बघितलं नाही. हिने बघितलं. ती गाडीतून उतरली आणि रस्त्यातच खाली बसून रडली. मेहुणीने तिला धरलं. कन्येने सगळं सामान बर्फात काढलं आणि तळाच्या साखळ्या वर आणल्या.

मी कोणी हसेल म्हणून थांबलो होतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बर्फ काढणारी गाडी आली. तिच्या ड्रायव्हरने दोर लावून आम्हाला ओढलं. अकरा मिनिटं. माझ्याकडे एकदा बघितलं, आमच्या गाडीची किल्ली काढली आणि कन्येच्या हातात दिली. माथ्यापर्यंत गेलो नाही. मागच्या खानावळीत परतलो.

वाक्य राहिलं. माथाच आला नाही त्याला मी काय करणार?

३१ डिसेंबर, दुपारी १२.

तुटलेल्या दाताला वारा लागला की डोळ्यांसमोर काजवे. ही म्हणाली, घरात डॉक्टर असताना असे काय बसलाय? मी म्हणालो, मेलो तरी चालेल. ते "मेलो तयी चायेय" असं ऐकू आलं. त्यामुळे त्याचा परिणाम झाला नाही.

साडू प्रवासात छोटी पेटी बाळगतो. खानावळीच्या जेवणघरात खिडकीशी खुर्ची ओढली, मला बसवलं, मान मागे केली. गालात कापसाचे बोळे. बधिर व्हायचं इंजेक्शन. अर्धा चेहरा माझा राहिला नाही.

तेवढ्यात मला सुचलं: हीच वेळ. तो माझ्या तोंडावर वाकलेला, पळून जायला जागा नाही, आणि विषय दातांचाच. वाक्य म्हणायला सुरुवात केली. "ऑ" एवढंच आलं.

तो म्हणाला, "बोलू नका मास्तर, तोंड उघडं ठेवा. मलाच बोलायचंय. समोरासमोर जमलं नसतं."

मी, "ऑ?"

"त्या दिवशी फाटकाशी मी बोललो ते चुकलंच. मी दोनदा टेस्ट दिली, दोनदा नापास झालो. गाडीची भीतीच वाटते मला. ड्रायव्हर ठेवलाय तो त्यासाठी. तुमची गाडी खांबाला लागली ना, तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, मास्तरांचंसुद्धा चुकतं. त्या भरात बोलून गेलो. घरी चार दिवस अबोला होता माझ्याशी. माफ करा."

मी म्हणणार होतो की माफ करणार नाही. कोणत्या परिस्थितीत करणार नाही याची कारणंही तयार होती. पण त्याचा हात धरून "ऑ, ऑ" एवढंच झालं. त्याचे डोळे भरून आले. त्याने माझा खांदा दाबला आणि म्हणाला, तुमचं मन मोठं आहे.

दारातून ही बघत होती. म्हणाली, किती छान वाटलं हो बघून.

दोन वर्षं जपलेला सूड माणूस माफी मागून घेऊन गेला, आणि मी तोंड वासून बघत राहिलो.

१ जानेवारी, सकाळी १०.

नव्या वर्षाचे संकल्प. १. साडूला माफ केलेलं नाही हे त्याला सवडीने कळवणे. २. नवीन कारण शोधणे. (शोधलं. त्याने लावलेला दात शेजारच्या दातापेक्षा पांढरा आहे. मुद्दाम.) ३. उरलेला रस्ता स्वतः चालवून दाखवणे.

तिसरा संकल्प नाश्त्याला जाहीर केला. बाहेर जाऊन स्टिअरिंगवर बसलो. चौघं गाडीभोवती बर्फात उभे राहिले. कोणी दार उघडेना. पाच मिनिटं गेली. मेहुणीचं नाक लाल झालं. ती म्हणाली, भाऊजी, थंडी वाजतेय.

कन्येने माझ्यासमोर हात केला. मी उतरलो. पाय आखडले होते म्हणून.

२ जानेवारी, दुपारी १. रस्त्यावरची सूपची टपरी.

काल आणि आज कन्या चालवतेय. मी शेजारी. साखळ्या तिनेच लावल्या. तोच घाट चढलो, तेच वळण. मी "हळू" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तिने आधीच हळू केलं होतं. "डावीकडे" म्हणेपर्यंत वळण झालं होतं. माथ्यावर ऊन होतं. सगळ्यांनी फोटो काढले. वाक्य बोलायला जागा उत्तम होती. बोलायचं लक्षात आलं नाही.

उतरताना मी म्हणालो, शिकवण दिसते हो, सव्वीस वर्षं काही उगाच नाही. मेहुणी खिडकीतून बाहेर बघायला लागली. साडूने घसा साफ केला. ही म्हणाली, सांगून टाक गं आता.

कन्येने सांगितलं. माझ्याकडे सहा दिवस शिकून झाल्यावर ती बसस्टँडमागच्या स्कूलमध्ये गेली. अठरा दिवस. त्या जाड्याकडे! ज्याने माझ्या स्कूलच्या बोर्डावर स्वतःच्या झाडाची फांदी येऊ दिली, त्याच्याकडे! हिला माहीत होतं. मावशीला माहीत होतं. दातवाल्याला माहीत होतं.

मी विचारलं, का?

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "बाबा, माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत तुमच्या बाजूचा ब्रेक लागायचा. सहा दिवसांत मी एकदाही गाडी थांबवली नाही. प्रत्येक वेळी तुम्ही थांबवलीत. मला थांबायला शिकायचं होतं."

मी बाहेर बघितलं. डोंगर होते.

आत्ता सूप पिताना ज्यांचा सूड घ्यायचाय त्यांची यादी केली. जाड्या. ही. मेहुणी. साडू (कायम). कन्या. मग कन्या खोडली. मग ही खोडली, कारण घरी जाऊन तिच्याबरोबरच राहायचंय. जाड्याने मुलीला चांगलं शिकवलंय हे दिसतंच आहे, त्यामुळे तिथेही पेच आहे.

सूप गार झालं.

३ जानेवारी, दुपारी ३. समुद्रकाठ.

आज मागे बसलो. पुढे साडू. त्याला बर्फात गाडी कशी चालवतात ते कन्येकडून समजून घ्यायचंय. (मला विचारलं नाही. नोंद केली आहे.)

मागे बसून दोघांवर लक्ष ठेवायचं, एकही चूक सोडायची नाही असं ठरवलं होतं. झोप लागली. चालत्या गाडीत मला कधीच झोप लागत नाही. तीन तास झोपलो. दोन बोगदे, एक गोठलेला धबधबा आणि एक रेनडिअर गेलं म्हणे.

जाग आली तेव्हा डोळे उघडले नाहीत. मी झोपलोय असं वाटलं की माणसं खरं बोलतात. आता कळेल, कोण काय म्हणतं ते. एकेक शब्द ध्यानात ठेवायचा आणि घरी गेल्यावर बघून घ्यायचं.

अर्धा तास ऐकलं. माझ्याविषयी कोणी काही बोललं नाही. वाईट नाही, चांगलं नाही, काहीच नाही. घाट नाही, दात नाही, खांब नाही. मेहुणीचे लोकरीचे मोजे कुठल्या बॅगेत गेले यावर चौघांची चर्चा चालली होती. साडूचं मत, निळ्या बॅगेत. हिचं मत, खानावळीतच राहिले.

फार वेळ सहन केलं. शेवटी डोळे उघडले आणि सांगितलं, लाल बॅग, डावा कप्पा, मीच ठेवलेत.

सगळे म्हणाले, अरे वा, उठलात.