प्रबंधातले बाबा

मस्तगड, जालना

प्रिय अंतरा,

पाकिटावर तुझ्या नावाआधी 'डॉ.' लिहायचा मोह झाला होता, पण तो मान विद्यापीठाने द्यायचा असतो, आईने नव्हे. तेव्हा तूर्त नुसतीच अंतरा. घरात फोन असताना आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन बाबांच्या समोर असतो, आणि काही वाक्यं मला खाडाखोड केल्याशिवाय जमत नाहीत.

बातमी एकच आहे. तुझे बाबा बोलत नाहीत. घरात 'हो', 'नको', 'वाढ' एवढं तरी होतं. खो-खोच्या मैदानावर तेही नाही. जन्मभर हा माणूस आज्ञार्थात बोलला: पळ, वळ, बस, खो दे. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाईशी लग्न करूनही आज्ञार्थाखेरीज दुसरा लकार त्यांना कधी लागला नाही. आता सकाळी मैदानाच्या कडेला समाधी लागलेल्या मुनीसारखे उभे असतात. मुनींच्या बायकांचे हाल पुराणांत कुणी लिहिले नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

दिवाळीनंतर नवीन जालन्यात तुझी ती कार्यशाळा झाली, तेव्हापासूनचं हे आहे. तुला दिसलं नाही, कारण तू पडद्याकडे बघत होतीस आणि मी त्यांच्याकडे. प्रशिक्षक काय बोलतो आणि त्याने मुलींचा खेळ कसा बदलतो, हा तुझा विषय. पहिला प्रशिक्षक घरातच सापडला. अख्खा हंगाम तुझा तो छोटा माईक कॉलरला लावून आमचे केदारराव नवरदेवासारखे मैदानात जायचे. भेटेल त्याला सांगायचे, 'पोरगी पीएचडी करून राह्यली माझ्यावर.' मी म्हटलंसुद्धा, अहो, माणसावर पीएचडी होते ती बहुधा तो गेल्यावर.

मग त्या सभागृहात 'अपमानाचा नमुना' म्हणून तू एक तुकडा ऐकवलास. नाव घेतलं नाहीस, यंत्रातून आवाजही बारीक केला होतास, सगळं नियमाप्रमाणे. पण 'खांबाशी लगीन लावलं का गं, सोडंना गेली त्याला!' हे उभ्या जिल्ह्यात एकच माणूस ओरडतो. सगळे क्रीडाशिक्षक हसले आणि वळून तिसऱ्या रांगेकडे बघू लागले. बाबाही हसले. सगळ्यांत जास्त वेळ तेच हसत होते.

तुझं संशोधन चुकलं असं मी म्हणत नाही. आकडे मला कळत नाहीत, पण ओरडा बसला की मुलींचे पाय जड होतात, हे मलाही दिसायचं. ओरडणं आणि गप्प राहणं यांच्यामध्ये 'समजावून सांगणं' नावाचं प्रकरण तू लिहिलं आहेस, आणि तेच सगळ्यांत मोठं आहे. बाबा तिथवर पोचलेच नाहीत. ते त्या तुकड्यापाशी थांबले.

गेल्या रविवारी शहागडला सामने होते. मी डबे घेऊन बरोबर गेले होते. मध्यंतरापर्यंत आपल्या मुली मागे पडल्या, आणि बाबा एकेकीच्या हातात मुकाट्याने पाण्याची बाटली देत होते. प्रीती, त्यांची कर्णधार, रडवेली होऊन म्हणाली, 'सर, काईतरी बोला न! आमचं काय चुकून राह्यलं?' शेजारची अर्पिता म्हणाली, 'लावा ना सर, खांबाशी लगीन लावा. बिलकुल राग न्हाई येणार.' त्यांनी तोंड उघडलं. मी पाहिलं अंतू, शब्द ओठापर्यंत आला होता. मग त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मुली हरल्या. परतताना जीपमध्ये एकीनेही गाणं म्हटलं नाही.

सोमवारी आम्ही मेथी निवडत होतो, तेव्हा ते आपणहून बोलले. 'विमल, अंतूनं खेळायचं सोडलं, ते गुडघ्यापायी का माझ्यापायी?'

तू दहावीत होतीस, बाबांच्याच संघात. राज्याच्या संघाची निवड तोंडावर होती, आणि एका संध्याकाळी 'गुडघा दुखतो' म्हणून तू घरी आलीस ती परत मैदानात गेली नाहीस. त्या गुडघ्याला इतक्या वर्षांत आपण तिघांपैकी कुणीच काही विचारलं नाही. मी म्हणाले, 'गुडघ्यापायी.' फार जल्दी म्हणाले. इतका संसार झाल्यावर माझं घाईचं उत्तर त्यांना ओळखता येतं. 'बराबर,' म्हणाले, आणि काड्याच पानांत टाकत राहिले. संक्रांतीनंतर मैदानावर येणार नाही, असं त्यांनी शाळेला कळवूनही टाकलं आहे.

म्हणून हे पत्र. माफी मागायला येऊ नकोस; तू काही खोटं ऐकवलं नाहीस. फोनही करू नकोस. तुम्ही दोघं एकमेकांना 'जेवलीस का', 'जेवलात का' विचाराल आणि ठेवून द्याल. गुडघाच असेल, तर त्यांना दोन ओळी लिही, संक्रांतीच्या आत पोचतील अशा. आणि कारण बाबा असतील, तर मला लिही. संस्कृतात लिही, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाला कळणार नाही. तुझ्या विभक्ती नेहमी चुकतात. या वेळी मी लाल शाई काढणार नाही.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई