पहिला घास बबिताचा

२५ नोव्हेंबर
आले एकदाची सासरी, चौतिसाव्या वर्षी का होईना! यवतमाळला लोकांचे आधार कार्ड झेरॉक्स करण्यात दहा वर्षं गेली आणि संध्याकाळची जेवणं भावाच्या घरी कोपऱ्यात बसून. आता बाभुळगावजवळच्या या गावात सलोनीबाईंना, म्हणजे मला, स्वतःचं घर आहे, आठ एकर कापूस-तूर आहे आणि घनश्याम नावाचा नवरा आहे. बोलतो कमी, पण ऑटोतून उतरताना हात दिला. माझा हात याआधी कोणी कधी धरला होता, आठवेना.

सासूबाईंनी, मैनाबाईंनी, उंबरठ्यावरच माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक बांधला. त्यावर बाईची आकृती. ही घनश्यामची पहिली बायको, बबिता. तीन वर्षांपूर्वी तापाने गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईने तिला असं गळ्यात वागवायचं, जेवताना पहिला घास तिच्यासाठी काढायचा, नवी साडी किंवा दागिना आधी तिला दाखवायचा. सासूबाई म्हणाल्या, "ते मोठी हाय तुह्याहून." मी हसून हो म्हटलं. मला बहीण नव्हतीच, तीही सोय झाली.

४ डिसेंबर
वेचणी जोरात आहे. कापूस वेचायला तांड्यावरून रुपीबाई येते, तिच्याशी गप्पा होतात. नवऱ्याशी होत नाहीत. तो जेवतो, ताट सरकवतो आणि उठतो.

आज मात्र त्याने यवतमाळहून झुमके आणले. मी हात पुढे केला, तर त्याने ते आधी माझ्या गळ्यातल्या टाकासमोर धरले. बराच वेळ धरले. चेहरा इतका मऊ झाला होता की मला बघवेना. खुंटीला पिशवी अडकवावी तशी ती माझ्या गळ्यात अडकवली आहे. मग झुमके माझ्या हातावर ठेवून तो गोठ्यात गेला. मला तिचा राग आला. मेलेल्या बाईचा! लिहिताना लाज वाटते, पण आला.

१० डिसेंबर
आज पहिला घास मीच खाल्ला. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. आभाळ काही कोसळलं नाही.

दुपारी नवऱ्याने हाक मारली, "बबिता, पानी आन वं." मी समोर गेले तर माझ्याकडे बघून हसला. चूक सुधारली नाही. मीही मुकाट्याने पाणी दिलं. त्या हसण्यासाठीच दिलं, खोटं कशाला लिहू.

२२ डिसेंबर
बारा दिवस तिला घास नाही. पेटीतून तिची हिरवी साडी काढून नेसले. ती माझ्याहून बारीक होती म्हणे; तिचं ब्लाउज मला लहान व्हायला हवं होतं, पण बरोबर बसलं. तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी केली. मला ती कधीच जमत नव्हती, आज जमली.

नवरा ओसरीवर बसून तासभर बोलला, दर वाक्याला बबिता म्हणत. मी हं हं करत राहिले. इतक्या मायेने माझ्याशी कोणीच बोललं नव्हतं. मग नाव कोणाचं का असेना.

३ जानेवारी
रुपीबाईने मला शेतात पाठमोरी पाहिलं आणि कापसाची ओटी तिच्या हातून सुटली. जवळ येऊन तिने माझा टाक हातात घेतला. म्हणाली, "घास देऊन नाही राह्यली का तू? घास देल्ला का ते त्याच्यात राह्यते, बाई. नाही देल्ला त मंग कायले राहीन?" उद्यापासून ती येणार नाही.

ती गेल्यावर टाक पाहिला. आकृती नाही. नुसता कोरा पत्रा.

७ जानेवारी
रोज घास ठेवते आहे. तसाच वाळतो. मुंग्यासुद्धा —

भावाचा फोन आला. म्हणाला, सलोनीला द्या. मी म्हटलं, ती शेतात गेली आहे. असं का म्हटलं मी?

नवऱ्याला सांगितलं, मी सलोनी आहे. त्याने माझे केस सावरले. "तिचं नाव नको काढू आता," म्हणाला. पिशवी भरून ठेवली होती, दुपारची एसटी होती. पण त्याने केस सावरले आणि मी — राहिले.

१२ जानेवारी
सासूबाई सोनाराकडून नवा टाक घेऊन आल्या. कोणाचा, विचारलं. त्या काळा दोरा शोधायला लागल्या.

नाव लिहून ठेवते. सलोनी. सलोनी. सलो —

१४ जानेवारी
हे वही पेटीत सापडली. सासूनं सलोनीचा टाक माह्या गळ्यात बांधला. दीड महिनाच राह्यली बिचारी. पहिला घास तिले द्या लागते.

आज संक्रांतीले नवऱ्यानं मले नवी साडी आनली. आधी टाकापुढे धरली. लय वेळ. त्यायचे डोळे भरले. माह्यासाठी असे कधी —

कायले दाखवाव तिले? आज पहिला घास मीच —