गुडघाभर पाणी

अड्याळ

प्रिय ममता,

फोन असताना ही बाई पत्र काय लिहून राहिली, असं म्हणून तू आधी हसून घेशील. घे हसून. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं लाखांदूरचं सगळं पुराण सांगून होतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर बातमी अशी की मी पोरांसाठी पूल पार्टी करायचं ठरवलं. होय, मीच, तुझी दामिनी, जी नळाखाली बादली भरतानाही पदर सावरते. झालं असं की दिवाळीत मी भावाकडे गेले होते, तेव्हा संजीवची मोनिका मोबाईलवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो दाखवत होती. पाण्यात फुगे, पाण्यात पोरं, काठावर केक. म्हणाली, "आत्या, तुमच्याकडे असं काहीच नसते." तेव्हापासून डोक्यात किडा शिरला तो निघेना.

पण खरं कारण वेगळंच आहे. मागच्या उन्हाळ्यात मोनिकाच्या पाठचा छोटू तुझ्या भैयालालदादाच्या मागे तलावावर मासे बघायला गेला आणि पायरीवरून घसरून गळाभर पाण्यात पडला. दादाने तिथल्या तिथे उचलून बाहेर काढला. पोरगा हसत हसत घरी आला, पण माझ्या भावजयीने रडत रडत त्याच दुपारी बॅगा भरल्या. "ताई, पाण्याचं भेव बसलं मले, आता पाठवाची हिंमत होत नाही," एवढंच बोलली. चूक कुणाचीच नव्हती. पण घरचे हातमाग बंद पडले, आईबाबा गेले, तेव्हापासून या घरात मी आणि फॉल-पिकोची मशीन. उन्हाळ्यात ही दोन पोरं येतात तेवढाच माणसाचा आवाज. म्हणून म्हटलं, यंदा पाणी असं करून दाखवायचं की भावजयीला बोट ठेवायला जागा नको. तिने हो म्हटलं तर पोरं येणार, नाही तर नाही.

पहिली अक्कल मी कोष्ट्याच्या पोरीची लढवली. मागच्या अंगणात बाबांचा सूत रंगवायचा सिमेंटचा हौद आयता होता. घास घास घासला, पाणी भरलं आणि पोरांच्या आधी आपण अंदाज घ्यावा म्हणून आत उभी राहिले. बाहेर आले तर पाय घोट्याच्या वरपर्यंत गुलाबी! इतकी वर्षं त्या सिमेंटने रंग पिऊन ठेवला असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या शकुनबाईंनी पाय पाहिले आणि विचारलं, "पायाले माहूर लावून कोनाच्या लग्नाले चालली वो दामिनी?" आठवडाभर मी मोजे घालून हिंडले, मे महिन्यात.

मग भैयालालदादा मदतीला आला. मागाच्या जुन्या लाकडांची चौकट केली, बाहेरून मातीची पोती रचली आणि धान झाकायची नवी ताडपत्री आत अंथरली. दादाने बजावलं, "गुडघ्याच्या वर पानी भराचं नाही. आन् पोट्टे वरडून राहिले तोवर भेव नाही, चूप झाले का पयले उठून पाहाचं." तुमच्या घरची ती गमछ्याची रीतही त्याने लावून दिली. ज्याच्या गळ्यात गमछा, त्याची पोरांवर नजर. तो दुसऱ्याच्या गळ्यात टाकल्याशिवाय पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही. मी वर हिरवी जाळी बांधली, कूलर आणि त्याची वायर पार ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली, काठावर पाय घसरू नये म्हणून पोती पसरली. ऊन चढायच्या आत खेळ आटोपायचा, मग पन्हं आणि आलुबोंडे, आणि खाल्ल्यावर परत पाण्यात नाही. संध्याकाळी सगळं पाणी लिंबाला सोडायचं, कारण गल्लीतली रांगती पोरं कुठेही पोचतात. एवढा विचार मी स्वतःच्या लग्नाचासुद्धा केला नाही, म्हणून तर ते झालं नाही, असं तू म्हणशीलच.

सगळ्याचे फोटो काढून भावजयीला पाठवले. तिचा लगेच फोन आला. किती आनंदली गं ती! म्हणाली, "ताई, किती जिवाचं रान करता तुमी!" आता भीती नाही म्हणाली. त्यांच्या सोसायटीत मोठा पूल झाला आहे, शिकवायला सर येतात, पोरं रोज पोहतात. म्हणूनच यंदा यायला जमणार नाही. मग फोन छोटूने घेतला. "आत्या, तुझ्या पूलमध्ये बुडी मारता येते का?" मी म्हटलं, नाही बाळा, गुडघाभरच पाणी आहे. तो म्हणाला, "मग मी तिथे काय करू?" आणि फोन आईला देऊन खेळायला गेला.

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने तर साधं विचारलं. ममता, मला फार एकटं वाटतं. इतकी वर्षं हे कुणाला बोलले नाही, तुलाही नाही. पोरं येणार नाहीत हे मी अजून गल्लीत सांगितलेलं नाही. भैयालालदादा रोज दार वाजवून विचारतो, कधी भरायचं पाणी, आणि मी म्हणते, उद्या सांगते. त्याला काय सांगू ते ठरेना म्हणून तुला लिहायला बसले. तू ये. नातवंडं आण, नाही जमलं तर एकटी ये. लाखांदूरहून सकाळची एसटी धर आणि घरी सांगून ये की मुक्काम आहे. तू येते म्हटलंस की मी दादाला सांगते, उद्या भर.

तुझीच,
दामिनी