बाईसाहेबांची अंडी

१२ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती किंचाळते आणि तुला काही कळत नाही अशी तुझी तक्रार, म्हणून लिहून कळवते. बाईसाहेबांनी अंडी घातली!

बाईसाहेब म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयातली कोमोडो ड्रॅगन. आपल्या घोरपडीची थोरली बहीण समज, फक्त तुझ्या पलंगावर झोपवली तर शेपूट दाराबाहेर जाईल. हातभर पिल्लू होती तेव्हा आली, आणि तेव्हापासून एकटी. नर कसा असतो हे तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. दिवसभर दिव्याखाली पडून असते आणि कोणालाच भाव देत नाही. माझी शिट्टी ऐकली की मात्र उठून मागच्या खोलीत जाते. मग मी मधलं शटर पाडते आणि तिची खोली झाडते. दुसऱ्या कोणी शिट्टी मारली तर बाईसाहेब एक डोळा उघडून बघतात आणि परत मिटतात.

तर अंडी. तिने ती मातीत खोल पुरली होती, त्यामुळे आम्हाला उशिरा सापडली. एकट्या मादीची अंडी रिकामीच असणार, म्हणून ती फ्रीझरमध्ये टाकायची आणि मग फेकायची, अशी आमच्याकडची पद्धत. मीही टाकायलाच निघाले होते. जाता जाता उगाच एका अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल रेषा! रक्ताच्या नसा, मावशी! तीन अंड्यांत. मी फ्रीझरकडे पाठ फिरवली आणि तिन्ही अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

हे होऊ शकतं, आणि कोमोडोंमध्ये आधीही झालंय. नर मिळालाच नाही तर मादी एकटीच पिल्लं जन्माला घालते. पुरात वाहत एखादी एकटीच बेटावर पोचली तरी तिचं काही अडत नाही. आणि गंमत म्हणजे अशी पिल्लं सगळी मुलगेच असतात. मुलगा की मुलगी ठरवणारी क्रोमोसोमची जोडी आपल्यात मुलग्याकडे वेगवेगळी असते, यांच्यात उलटं, मुलीकडे. एकटं अंडं स्वतःचीच कॉपी काढतं, म्हणजे जोडी कायम सारखी. सारखी जोडी म्हणजे मुलगा. मला तर हे कळल्यापासून नीट बसवत नाहीये.

साहेबांना बसवतंय. आमच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख. ते म्हणाले, बापाशिवाय काही होत नसतं. शेजारच्या खोलीत 'पहिलवान' नावाचा दांडगा कोमोडो आहे. त्यांचं म्हणणं, मी त्या बाजूचं शटर उघडं टाकलं आणि पहिलवान आत आला. तसं लिहिलेला कागद त्यांनी पुढे केला. सही केली तर मला माफी, पण परवानगी नसलेल्या जोडीची अंडी म्हणून ती फ्रीझरमध्ये. सही नाही केली तर माझी नोकरी पक्की होणार नाही.

मी सही केली नाही. पेन तेवढं त्यांचंच घेऊन आले, चुकून.

तुझा लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझी,
पाल

२० जानेवारी

चि. पालीस,
अ. उ. आ.

आधी त्या माणसाचं पेन परत कर.

तुझं पत्र वॉर्डात ड्युटी संपवून चहासोबत वाचलं. चहा गार झाला. लहानपणी भिंतीला चिकटून किडे बघत बसायचीस म्हणून तुला पाल म्हणायला लागले. तेव्हाच हात धरून खाली ओढायला हवं होतं.

अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुझ्या मामाला सांगितलं तर तो म्हणाला, नोकरी काय झाडाला लागते का, सही करून मोकळी हो म्हणावं. मलाही तसंच वाटतंय. तीन अंड्यांसाठी पोटावर पाय आणू नकोस. त्या बाईसाहेबांना कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा अंडी घालतील.

बाळंतपणाच्या वॉर्डात माझा जन्म गेला. मूल आधी आणि बापाची चौकशी नंतर, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. बाई अजून कळा देत असते आणि बाहेर कोणीतरी विचारतच असतं. तेव्हा तुझ्या साहेबांचं मला नवल नाही. फक्त एक सांग, एवढा आळ आलाय तर त्या पहिलवानाचं काय म्हणणं आहे? त्याला कोणी विचारलं का?

जेवतेस ना? लोभ आहे, अक्कलही थोडी वाढव.
तुझी,
मावशी

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पेन परत केलं. सही नाही करणार.

रागावू नकोस, पण मला सही कर म्हणून तू सांगावंस? मी पाचवीत असताना शाळेच्या बाईंनी तुला विचारलं होतं, घरात पुरुष माणूस कोण आहे. तू म्हणालीस, पुरुष नाही, पण कुलूप चांगलं आहे. मी तुझा हात धरून उभी होते. घरी आल्यावर तू भांडी इतकी जोरात घासलीस की कढईची कडी निघाली. तुला आणि मला कोणी लागलं नाही. बाईसाहेबांनाच का लागावं? आणि मी खोटं लिहून दिलं तर ती तिन्ही आतल्या आत मरतील. अंड्यांत आता नुसत्या रेषा नाहीत. एकात काहीतरी हललं.

बाकी तुझा विनोद मात्र कामाला आला. मी आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना हसत हसत सांगितलं, माझी मावशी विचारते, पहिलवानाचं काय म्हणणं आहे? त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, मी इथे यायच्या आधीपासून तो पहिलवान आहे. त्याची तपासणी कोणी केली होती? कोमोडोचा नर की मादी हे बाहेरून बघून भलेभले चुकतात. जुने लोक म्हणाले, आला तेव्हाच दांडगा होता, म्हणून पहिलवान.

ब्लड टेस्टला साहेबांची परवानगी लागते. मला वाटलं, देणार नाहीत. ते तर खूश! म्हणाले, दोघांचंही रक्त घ्या आणि अंड्यांतलंही बघा, म्हणजे बाप पुराव्यासकट सापडेल आणि हिची बडबड बंद होईल. रिपोर्ट येईपर्यंत अंडी फ्रीझरमध्ये टाकायची नाहीत, असं मी त्यांच्याकडून चार लोकांसमोर कबूल करून घेतलं. मला तोवर कासवांकडे पाठवलंय. पण तिकडे बाईसाहेब कोणाच्याच शिट्टीला उठेनात, म्हणून झाडायला रोज मलाच बोलावतात!

लोभ कमी केलास तरी चालेल, माझी बाजू सोडू नकोस.
तुझी,
पाल

११ फेब्रुवारी

चि. पालीस,
अ. उ. आ.

ती कडी आधीच सैल होती.

सही करू नकोस. मामाला मी सांगितलंय, नोकरी झाडाला लागत नसेल, पण माझी पोर घोरपडीच्या जातीची आहे, एकदा चिकटली की दोर तुटेल, ती सुटायची नाही. त्याने फोन ठेवला. नोकरी गेली तर इकडे ये. कुलूप अजून तेच आहे.

रिपोर्ट आला की कळव. झोप नाही मला.
मावशी

३ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

रिपोर्टचं फोनवर ऐकलंस तेव्हा तू इतकी हसलीस की वॉर्डातल्या बायका धावत आल्या म्हणे. पहिलवान ही बाई आहे! साहेब ज्याला बाप ठरवायला निघाले होते, तीच उद्या अंडी घालेल. आणि अंड्यांमध्ये बाईसाहेबांशिवाय कोणाचाही अंश नाही. सहीचा तो कागद टेबलावरून गेला, कुठे ते मी विचारलं नाही. माझी नोकरी पक्की झाल्याचं मात्र त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

आता खरी बातमी. पिल्लं बाहेर आली! तिन्ही. हातभर लांब, अंगावर पिवळे-केशरी ठिपके. बाहेर येताच फांदीवर चढून बसली, कारण मोठे कोमोडो पिल्लं खातात, स्वतःची आईसुद्धा. म्हणून ती वेगळ्या खोलीत ठेवलीत. रक्त तपासलं. तिन्ही मुलगे.

भांडण अजून आहेच. आमच्याकडे पिल्लं झाली की आईच्या खोलीत एक पाटी लागते, त्यावर पिल्लांचे आई-बाप लिहायचे. बघायला येणारी मुलं पाट्या उपटतात म्हणून आम्ही त्या काचेच्या आतल्या बाजूला लावतो. साहेब म्हणाले, लिही, बाप : अज्ञात. मी म्हटलं, अज्ञात म्हणजे कुठेतरी आहे आणि आपल्याला माहीत नाही. इथे नाहीच आहे. ते म्हणाले, लोक काय म्हणतील, अज्ञातच लिही. मी ऑइल पेंट घेतला, शिट्टी मारली, बाईसाहेब मागे गेल्या, आणि आत जाऊन लिहून आले :

आई : बाईसाहेब. बाप : गरज पडली नाही.

साहेब लाल झाले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता खरवडून काढ. मी खरवडणी त्यांच्या हातात दिली आणि नमस्कार केला. ते काचेपर्यंत गेले. बाईसाहेब तोवर परत येऊन पाटीखालीच आडव्या झाल्या होत्या. साहेबांनी शिट्टी मारली. तिने एक डोळा उघडला.

पाटी आहे तशीच आहे. रविवारी ये, दाखवते. लोभ आहे तसाच असू दे, आपल्याला तेवढा पुरतो.
तुझी,
पाल